रोवणीची चाल

वरठी,
९ डिसेंबर २०२४

प्रिय बाईस,
तुझ्या धाकट्या भावाचा, ताराचंदचा, सप्रेम जयभीम.

पाकीट पाहून तू आधी मोनाला विचारशील, "कोन गेलं वो?" कोणी गेलेलं नाही. सगळे ठीक आहेत. तुझ्या भावजयीचा, सुंदरबाईचा, गुडघा थंडीत कुरकुरतो, पण तिचं विहारात जाणं थांबलेलं नाही. आमच्या पोराची, प्रफुल्लची, पहिली पाळी आहे, पहाटे धुक्यात मोटारसायकल काढतो आणि तो कारखान्यात पोचेपर्यंत मी जागाच असतो. धान निघालं, आपल्या शहापूरकडे सगळीकडे धानाचे पुंजणे रचलेले दिसतात.

आजकाल पत्र कोणी लिहीत नाही हे मलाही कळतं. पण मी तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तू "हॅलो" म्हणालीस, माझा आवाज ओळखलास आणि फोन नातीच्या हातात दिलास. मोना बिचारी म्हणाली, "आजी झोपली आहे." मागून तुझ्या खोकण्याचा आवाज येत होता. म्हणून हे पत्र. मोना वाचून दाखवील. मधूनच पुरे म्हणालीस तरी ती शेवटपर्यंत वाचेल, मी तिला तशी ताकीद दिली आहे.

मी परदेशात जाऊन आलो, हे तुझ्या कानावर आलंच असेल. हंगेरी नावाचा देश आहे. सप्टेंबर आणि ऑक्टोबर, पूर्ण दोन महिने तिथे होतो. या वयात पासपोर्ट काढला, बाई. फोटो काढणारा म्हणाला, "काका, हसू नका," आणि मला नेमकं तेव्हाच हसू आलं.

झालं असं, मागच्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमची गायन पार्टी नागपूरला होती. एक उंच, सावळा माणूस आमच्या मंडपात दोन तास उभा राहिला. त्याचं नाव यानोश. हंगेरीतल्या एका खेड्यात मास्तर आहे. त्याच्याबरोबर रश्मी नावाची आपली नागपूरची पोरगी होती, ती त्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते आणि तिला त्यांची भाषा येते. तिनं समजावून सांगितलं. हे लोक रोमा. हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज आपल्याकडून निघाले आणि चालत चालत तिथवर गेले. तिथे त्यांना कोणी जवळ करत नाही. यानोशच्या हाती बाबासाहेबांचं पुस्तक आलं, त्यानं ते वाचलं आणि वस्तीत शाळा काढली. आता तिथली बरीच घरं बौद्ध आहेत.

यानोश मला म्हणाला, "आमच्याकडे गाणी खूप आहेत. लग्नाची आहेत, दारूची आहेत, रडायची तर किती तरी. पण सकाळी शाळेत ताठ उभं राहून म्हणावं असं एकही नाही. तुम्ही या, दोन महिने राहा आणि आमच्या पोरांना शिकवा."

मला वाटलं होतं, बोलतात लोक. पण यंदा पावसाळ्यात खरंच तिकीट आलं.

त्यांची वस्ती गावाच्या बाहेर आहे, ओढ्याच्या पलीकडे. सगळ्या वस्तीला एक नळ, तोही अगदी तोंडाशी. मी तो पाहिला आणि यानोशला काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच. आपण त्याच गावचे.

शाळेत स्वयंपाक करणारी एक म्हातारी आहे, गिझेला. तुझ्याच वयाची, सत्तरीची. पाठीतून थोडी वाकलेली. पोरांना जुनी रोमा भाषा येत नाही, हिला येते. पहिल्याच दिवशी तिनं माझ्यासमोर उभं राहून नाकाला बोट लावलं आणि म्हणाली, "नाख." मग कानाला, "कान." मग मडक्यासारख्या भांड्याकडे बोट करून, "पानी." मी हसायला लागलो. ती हसली नाही. तिनं माझा हात धरला, माझंच बोट माझ्या नाकाला लावलं आणि पुन्हा म्हणाली, "नाख." मी म्हणालो, "नाक." तेव्हा कुठे तिनं मला जेवायला वाढलं.

शिकवण्याचं सांगतो. मी माझ्या निवडक चार चाली घेऊन गेलो होतो. पेटी तिथे कोणी पाहिलेली नव्हती, पोरी भात्याला हात लावायला धावायच्या. पण माझ्या पहिल्या तीन चाली गेल्या वाया. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्याला वाजवतात तशा. चौथं गाणं धरलं ते आपलं,

पाय माझे गाऱ्यात बाई, डोई माझी उन्हात,
हातात आली लेखणी, नाव लिहिलं पानात.

हे मात्र त्यांनी एका सकाळीच उचललं. दुसऱ्या दिवशी एक आजोबा दुधाचा रिकामा कॅन घेऊन आले आणि त्यावर हाताने ठेका धरला. एक जण नुसत्या तोंडाने 'धुम् धुम्' करत राहिला, वाटावं कोणी मोठं तंतुवाद्य वाजवतंय. आणि दोन पोरींनी, कोणी न सांगता, आमच्या खालच्या सुरात तीच ओळ धरली. वर एक आवाज, खाली दुसरा. मी चाळीस वर्षं पेटी वाजवतो, ही चाल अशी दुमजली होईल हे मला कधी सुचलं नव्हतं.

यानोशनं शब्द त्यांच्या भाषेत बसवले. महिन्याभरात शेजारच्या गावातल्या रोमा पोरांना ते येऊ लागलं. मग आणखी एका गावात. मी परत निघालो तेव्हा सात शाळांत सकाळी ते म्हणत होते. शहरातून संगीताच्या एक बाई आल्या, त्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं. म्हणाल्या, आमच्या लोकांच्या गाण्यात हे नवं आलं आहे, आणि ते परकं वाटत नाही. एवढं झाल्यावर पेटी परत आणायला माझा हात धजेना. ती तिथेच ठेवून आलो.

इथवर ऐकून तू म्हणशील, "मग मले कायले सांगून राह्यला?"

सांगतो. मध्ये जरा पाणी पिऊन आलो.

आपलं बोलणं का बंद आहे, असं कोणी विचारलं तर मी सांगतो की भाऊजी गेले तेव्हा त्यांच्या जलदानाच्या विधीला मी उशिरा पोचलो, त्याचा बाईला राग आहे. तेरा वर्षं मी हेच सांगत आलो. सुंदरबाईलाही हेच सांगितलं. तुमसरला गाडी चुकली होती हे खरं. पण ते कारण नव्हे, बोलणं त्याच्या कितीतरी आधीच आटलं होतं, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

गिझेलाचं सांगतो म्हणजे तिकडेच येईन.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस ती पोरांचं गाणं ऐकत दारात उभी राहिली. संपल्यावर रश्मीला बोलावून तिनं मला विचारलं, "हे कोणी केलं?"

मी म्हणालो, "मी."

तिनं मान हलवली. म्हणाली, "पुरुषानं नाही केलेलं हे. वाकून काम करणाऱ्या बाईचं आहे. हे बघ, इथे ती थांबते. इथे ती पाठ सरळ करते. मग एक पाऊल मागे जाते आणि परत वाकते. मी वीस वर्षं बिटाच्या शेतात वाकले आहे. मला शिकवू नको."

आणि ती वर्गाच्या मधोमध वाकली. गाणं म्हणत म्हणत, हात जमिनीशी नेत, एकेक पाऊल मागे सरकत दाखवलं. बाई, ती रोवणी होती. तिनं आयुष्यात धानाचं रोप पाहिलेलं नाही, पण ती रोवणी होती. मला एकदम शहापूरच्या तलावाखालची धानाची बांधी दिसली. तू, तुझी सोबतीण बायजाबाई आणि आणखी आठ-दहा जणी ओळीनं वाकलेल्या, आणि मी बारा वर्षांचा, बांधावर बसून पऱ्ह्यांच्या, कोवळ्या रोपांच्या, पेंढ्या फेकतोय. तुझे शब्द वेगळे होते. "पाय माहे गाऱ्यात बाई, डोई माही उनात, हात माहे राबून राह्यले कोनाच्या वावरात?"

मी याच गाण्याची कॅसेट केली तेव्हा ती थांबायची जागा राहिली नव्हती. स्टुडिओतला माणूस म्हणाला, इथे रिकामं वाटतं, आणि त्यानं तिथे व्हायोलिन टाकलं. मी काही बोललो नाही. हंगेरीत माझ्यासोबत ना तबला ना व्हायोलिन. दम लागायचा म्हणून मी तिथे थांबायचो. मला वाटायचं, हे वय झालं. ते वय नव्हतं, ती तुझी चाल होती, आपोआप जागेवर आली होती.

तरीसुद्धा मी गिझेलाला पुन्हा म्हणालो, "मीच केली." दोनदा खोटं बोललो. लिहितानाही लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात तिचा भाऊ वारला. मातीच्या वेळी पोरांनी तेच गाणं म्हटलं, कोणी ठरवलं नव्हतं. दुधाचा कॅन नव्हता, पेटी नव्हती, नुसते आवाज. ते झाल्यावर गिझेला सगळ्यांसमोर माझ्याकडे आली, माझे दोन्ही हात धरले आणि तिच्या भाषेत आभार मानले. रश्मी शेजारी होती, तिनं अर्थ सांगायची गरज पडली नाही. बाई, मला हात सोडवूनही घेता येईना.

दोन दिवसांनी यानोश गाण्यांच्या पुस्तकाची कच्ची प्रत घेऊन आला. अकराव्या पानावर माझं नाव होतं. कॅसेटवर होतं तसंच. गीत आणि संगीत, ताराचंद रामटेके.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाणं झाल्यावर मी पोरांना बसवलं. गिझेलाला स्वयंपाकघरातून बोलावलं. रश्मीला म्हणालो, मी बोलतो तसंच सांग, काही गोड करू नको. मग बोललो. चाल माझ्या मोठ्या बहिणीची आहे. ती दुसऱ्यांच्या शेतात राबायची. मी तिला न विचारता शब्द बदलले, चाल घेतली आणि माझं नाव घातलं. १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. त्या दिवसापासून तिनं गाणं सोडलं.

एका पोरीनं हात वर केला. म्हणाली, "ती जिवंत आहे का?" मी हो म्हणालो. "मग तुम्ही इथे काय करताय?" रश्मी हे सांगताना चाचरली, पण मी आधीच बजावलं होतं.

त्या दिवशी गिझेलानं मला जास्त वाढलं.

यानोशनं माझं नाव खोडलं. आता पुस्तक छापून आलं आहे, सोबत पाठवतो. अकरावं पान काढ. चाल: आनंदाबाई डोंगरे, चिखला, जिल्हा भंडारा. शब्दांखाली माझं नाव आहे, ते यानोशनं ठेवलं, कारण लेखणीची ओळ माझी होती.

हे मी परक्या भाषेतून बोललो होतो. आता आपल्या भाषेत लिहितो. बाई, ती चाल तुझी आहे.

इथेही सांगितलं. या सहा तारखेला विहारात अभिवादन झाल्यावर सगळ्या पार्टीसमोर उभं राहून सांगितलं. मला वाटलं, लोक उठून जातील. आमचा ढोलकीवाला सोमाजी म्हणाला, "मले पह्यलेच माहीत होतं. तुह्या बाकीच्या चाली आयकल्या का समजतेच." सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगू, किती तरी वर्षांनी त्या रात्री मला गाढ झोप लागली.

माफ कर, असं लिहायला बसलो होतो. पण ते लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून काही घ्यायची आता माझी हिंमत नाही. मोनाच्या फोनवर पोरांचं गाणं पाठवलं आहे. ऐकायचं की नाही, ते तू ठरव.

तुझ्या आवाजातलं गाणं बांधावर बसून पहिल्यांदा ऐकणारा,
तुझा तारा

•

चिखला,
२१ डिसेंबर २०२४

मामाआजोबा, जयभीम. मी मोना. आजी सांगते आहे तसंच्या तसं लिहिते आहे. मध्ये काही सुधारू नको, असं तिनं बजावलं आहे.

ताराचंदले अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. पोरीनं तीनदा वाचून दाखवलं. पह्यल्यांदा मी मंधातूनच उठून गेली. दुसऱ्यांदा पुरं आयकलं. तिसऱ्यांदा त्या म्हातारीचं तेवढं वाचाले लावलं.

अथी सगळं बरं हाय. खोकला हाय, तो खदानीतल्या धुळीचा हाय, या कॉलनीत सगळ्यायलेच हाय. प्रितमनं, मोनाच्या बापानं, यंदा अंगनात वाल लावला, लय आला. सुंदरबाईले म्हना, गुडघ्याले तेल गरम करूनच लाव.

जलदानाचा राग मले कधीच नव्हता. तुही गाडी चुकली हे मले त्याच दिवशी समजलं. तू तेरा वर्सं लोकायले ते सांगत राह्यला, त्याचा राग होता. मानसानं खोटं बोलावं तं जरा बरं तरी बोलावं.

गान्याचं सांगतो म्हनते तं आयक आता. त्या वर्षी तुमसरले मिरवनूक पाहाले आमी दोघं गेलो होतो. टरकवर मोठा भोंगा होता, त्यावर तुही कॅसेट वाजून राह्यली होती. तुह्या भाऊजीनं आयकलं आन् मले म्हने, "आनंदे, हे तं तुहं गानं!" मी म्हटलं, "माहं नोहे." म्हनजे नावाच्या रागानं नाही म्हटलं. माहं नाव नव्हतं ते तं घरी कॅसेटचा डब्बा पाह्यल्यावर समजलं, त्याचाई राग आला, खोटं कायले सांगू. पन तठी उभी राहून मले वाटलं का हे खरंच माहं नोहे. दम खायाची जागाच नव्हती. दिवसभर वाकलेल्या बाईले तेवढीच एक जागा रायते. पाठ सरळ कराची, तलावाकडे पाह्याचं आन् मंग वाकाचं. तठी तू बाजा भरून टाकला. मले वाटलं, याले कायीच समजलं नाही. बांधावर बसून यानं नुसतं आयकलं, पाह्यलं नाही. मंग मी गाऊ कोनासाठी?

आता त्या पोरायचं आयकलं. फोन कानाले लावून आयकलं. जागा हाय. बरोबर हाय. त्या परक्या पोरी तठी थांबते तवा मी अथी खाटेवर बसल्या बसल्या श्वास घेतला.

पन तारा, एक गोस्ट तुले अजूनई समजली नाही. त्या दोन पोरी खालून गाते, ते नवं हाय म्हनते तू. ते नवं नोहे. आमी रोवनीत तसंच गावो. मी वरून, बायजाबाई खालून. तिचा आवाज जाडा होता, मानूस बोलल्यासारखा. बांधावर बसून तुले वरचाच आवाज आयकू ये. मी दमली का ती धरे, ती दमली का मी. चाल माही एकटीची कधीच नव्हती. चार कडवे होते, त्यातले दोन तिचे. तुले दोनच येते, तेई माहे.

म्हनून त्या मास्तरले लिव. अकराव्या पानावर माह्या नावासंगं बायजाबाईचं नाव टाकाले सांग. पुस्तक छापून झालं म्हनशील तं पेनानं लिवाले सांग. सातई शाळेत. पोरीयच्या हातानं लिवले तं अजून बरं.

बायजाबाई शहापुरातच रायते, पोरीच्या घरी. तिले आता कमी आयकू येते पन गळा शाबूत हाय म्हने. तिले यातलं कायीच माहीत नाही. आपन सांगू. तू इतवारी ये, जेवाले ये. मंग आपन दोघं शहापूरले जाऊ. पेटी तं तू देऊन आला, बरं केलं. आमाले पेटी लागतच नव्हती.

मोनाचा फोन संगं घेऊ. त्या म्हातारीले आयकवाचं हाय, आमचं दोघीयचं. तिले म्हना, तू बरोबर ओळखलं, पन बाई एक नव्हती.

राग गेला का, असं इचारशील. आर्धा गेला. बाकीचा तू आल्यावर पाहू.

आर्ध्या रागाची, पुऱ्या मायेची,
तुही बाई
आनंदा